वर्षश्राद्ध अधिक तोरणमाळ

आमच्या घराण्यात कोणी मेल्याशिवाय कोणी फिरायला जात नाही. एरवी फिरणं म्हणजे उधळपट्टी. पण कोणाचं कार्य असलं की गाडी ठरवावीच लागते, आणि गाडी ठरली की 'आता निघालोच आहोत तर' हे वाक्य कोणीतरी बोलतंच. आजोबांच्या दहाव्याच्या निमित्ताने मी पहिल्यांदा नाशिकची द्राक्षं खाल्ली.

काकांच्या वर्षश्राद्धाचा बेतही तसाच शिजला. विधी प्रकाशा गावी, तापीच्या काठी. चुलतभावाने, म्हणजे काकांच्या मुलाने, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'बाबांचे वर्षश्राद्ध'. चार दिवसांनी त्याचंच नाव 'वर्षश्राद्ध अधिक तोरणमाळ' झालं. आधी पिंडाला लागणाऱ्या वस्तूंची यादी आली, तिच्या खाली आत्याने विचारलं, "वर थंडी असते का? स्वेटर आणू का?" मग पिंड बाजूला राहिले आणि सगळे स्वेटरवर बोलू लागले. मीही त्यातलाच. नाशिकहून येणार होतो आणि तोरणमाळ पाहायचं माझंही राहून गेलं होतं.

तोरणमाळ मात्र काकूचंही राहून गेलं होतं. काका एसटीत ड्रायव्हर. शहाद्याहून संध्याकाळी निघणारी तोरणमाळची मुक्कामी गाडी कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती. संसारातल्या निम्म्या रात्री त्यांनी वर डोंगरात काढल्या आणि काकूने खाली शहाद्यात, भाड्याच्या खोलीत. 'पुढच्या खेपेला तुला नेतो' हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. रिटायर होऊन नंदुरबारला आले, तरी पुढची खेप काही आली नाही.

प्रकाशाला आम्ही सकाळी सातला पोचलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो, तेव्हा चुलतभाऊ सारखा घड्याळाकडे पाहत होता. गुरुजींना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "दहाच्या आत मोकळं करा, पुढे घाट लागतो." गुरुजी मुरलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "तोरणमाळ का उनपदेवचे गरम झरे?" आणि मंत्रांचा वेग वाढवला.

बाकीची पुरुष मंडळी खाली विधीला बसली असताना काकू पायऱ्यांवर माझ्याजवळ येऊन बसली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला काकांचा फोटो. हळूच म्हणाली, "तठे गाडी मुक्कामले ऱ्हाये ना, ती जागा माले देखनी शे. तू तुना भाऊले सांग. मी सांगसू तं बरं नही दखास."

बरं दिसत नाही. वर्षाच्याच दिवशी विधवा बाईने नवऱ्याच्या गाडीची मुक्कामाची जागा बघायची हौस सांगायची म्हणजे काय! बाकीच्या अकरा जणांनी गॉगल आणले होते ते चालत होतं. मी म्हणालो, "सांगतो ना, त्यात काय." आणि खरंच सांगणार होतो.

शहाद्यात गाडी एका गल्लीत वळली. ते वहिनीचं माहेर. दारात व्याही उभेच होते, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं. चुलतभावाने काकूची पिशवी उतरवली आणि म्हणाला, "माय, तू आठेच आराम कर. घाटमा तुले गरगरी. आम्हीन संध्याकाळले लेवाले ईसूत."

काकूने माझ्याकडे पाहिलं.

गाडीत बाकीची अकरा माणसं, उशीर झालेला, वहिनीने मुलांना बिस्किटं वाटायला घेतलेली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हो काकू, फार वळणं आहेत म्हणे." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, दुसऱ्या कोणाच्या नाही. काकू उतरली. वर्षश्राद्धाच्या दिवशी नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन विहिणीच्या सोफ्यावर अंग चोरून बसायचं, हा आराम तिला आम्ही दिला.

म्हसावदच्या पुढे एका पेट्रोल पंपावर पांढरे कपडे उतरले आणि टीशर्ट चढले. मग सातपायरीचा घाट, वर तलाव, सीताखाई. होडीत बसलो. गरम भजी खाल्ली. चुलतभावाने दरीकडे पाठ करून दोन्ही हात पसरून फोटो काढून घेतला, खाली लिहिलं 'बाबांच्या आठवणीत, बाबांच्या तोरणमाळात', आणि काका असतानापासूनच्या घरच्या जुन्या ग्रुपवरही टाकला. आत्याने स्वेटर दाखवत चार टाकले. मी तलावाचेच वीसेक काढले असतील. "काका जिथे असतील तिथून आपल्याला बघून खूश होत असतील," असं आत्या दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा तिच्या तोंडात भजं होतं.

परतताना घाटात गेलेली रेंज खाली उतरल्यावर परत आली आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. वहिनी किंचाळली. घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज होता.

त्यांचा फोन काकूकडे होता आणि नंबर ग्रुपमधून कोणी काढला नव्हता. काढायचा विचारही कोणाला सुचला नव्हता, आणि आम्ही काय काय टाकतोय ते ती दिवसभर सोफ्यावर बसून बघत असेल हेही सुचलं नव्हतं. मेसेज आवाजी होता. गाडीत काकूचा बारीक आवाज ऐकू आला, "फोटो भलते छान शेतस. स्टँडना एखादा शे का? गाडी जठे ऱ्हाये, तो."

सगळ्यांनी आपापले फोन चाळले. भज्यांचा होता. होडीवाल्याचा होता. एका माकडाचे सहा होते. स्टँडकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मी म्हणालो, "परत वर जाऊ या." पण इतक्या हळू म्हणालो की ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये. चुलतभाऊ म्हणाला, "तिले काय समजस? कोठलाबी टाकी दे." वहिनीने इंटरनेटवर शोधलं. एक बरंसं खेडेगावातलं स्टँड मिळालं, लाल गाडी, मागे डोंगर. कुठलं कोण जाणे. तिने ते टाकलं. खाली आत्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं, म्हणून मीही टाकलं.

शहाद्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. काकू व्याह्यांच्या ओट्यावर आमची वाट पाहत उभी होती. गाडीत माझ्या शेजारी बसली आणि लगेच फोन पुढे केला. फोटो दोन बोटांनी मोठा करून ती त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी शोधत होती.

"त्या म्हनेत, समोर एक आंबा शे," ती काकांची आठवण काढून म्हणाली. "उन्हाळामा त्यानाखाले खाट टाकेत. आठे तं आंबा दखास नही."

पुढच्या सीटवर चुलतभाऊ एकदम बाहेर बघू लागला. आता तरी खरं सांगायला हवं होतं. हा फोटो खोटा आहे, आम्ही बघितलंच नाही, उद्या मी तुला घेऊन जातो. तीन वाक्यं होती. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की माणूस खरं बोलतो असं जे म्हणतात ते साफ चूक आहे.

"तोडी टाका व्हई, काकू," मी म्हणालो. "रस्ता रुंद करतात ना हल्ली."

तिने मोठा केलेला फोटो पुन्हा लहान केला.

"त्या गयात, आंबा बी गया," ती म्हणाली, आणि फोन पिशवीत ठेवून तिने तोंडावर पदर घेतला. सकाळपासून ती पहिल्यांदाच रडत होती. आत्या मागून म्हणाली, "रडू दे, वर्षाचा दिवस आहे, मोकळी होईल."

तोरणमाळला स्टँडसमोर आंबा आहे की नाही, मला अजून माहीत नाही.