मोठ्या आवाजात बरोबर असलेला माणूस

“मी रागावत नाही. मी फक्त मोठ्या आवाजात बरोबर असतो.”

हे वाक्य काचवाल्यांनी एकदा एका गिऱ्हाइकाला ऐकवलं, तेही अशा आवाजात, की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून आपणहून मान डोलावली. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘स्टोव्ह’ म्हणत. जरा पिन मारली की भडका. पण काच कापायची हिरकणी फिरवताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. एवढा आग्यावेताळ माणूस, काचेसमोर उभा राहिला की गाईसारखा गरीब होई. काच ओरडणाऱ्याचं ऐकून घेत नाही. तडकते आणि विषय संपवते. माणसं आतल्या आत तडकतात आणि वर्षानुवर्षं जागच्या जागी उभी दिसतात.

त्यांची दुसरी मिजास म्हणजे मापं. घरोघरी जाऊन खिडक्या, कपाटं, आरसे मोजायचे आणि सगळे आकडे डोक्यात ठेवायचे. “लिहिणं म्हणजे विसरायची तयारी,” असं ते म्हणत. तीस वर्षांत एकही काच सूतभर चुकली नव्हती.

त्या तीस वर्षांत बायकोने बरंच ऐकलं होतं. एका सकाळी बरणीचं झाकण निघेना. काचवाले बरणीवर ओरडू लागले. तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. बरणी ठार बहिरी. ऐकावं लागलं बायकोला. तिने हातातला कप विसळून पालथा घातला, पिशवीत चार कपडे भरले आणि ती दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे निघाली.

“महिनाभर आवाज न चढवता राहून दाखवा. जमलं तर येईन. नाही जमलं तर लेकीकडे खोली आहे, खिडकी आहे आणि शांतता आहे.”

“आणि बघणार कोण?”

“माझा भाऊ.”

भाऊ म्हणजे दुकानात त्यांच्या हाताखाली असलेला पन्नाशीचा मेहुणा. आपण हाताखाली नसून हाताशी आहोत, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी काचवाले घरी आले. कुलूप उघडल्याचा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरून परत त्यांच्याकडेच आला. हिला परत आणायचंच, असं त्यांनी दारातच ठरवलं. दुसऱ्या दिवशी रक्तदाब तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना उपाय विचारला.

“राग आला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.”

“दहाने काय होणार?”

“नाही भागलं तर वीस.”

आणि काय सांगावं, खरंच आवाज चढेना! फक्त काचा चुकू लागल्या.

काचवाल्यांच्या डोक्यात आकड्यांसाठी फळी एकच होती. तिच्यावर दहा चढवले की आधीचा आकडा खाली पडायचा. शिंप्याला तेवीस इंची आरसा हवा होता. माप देताना तो म्हणाला, “स्टोव्ह गार पडला वाटतं!” काचवाल्यांनी मुकाट्याने दहा मोजले. आरसा दहा इंचांचा निघाला. शिंप्याच्या गिऱ्हाइकाला त्यात नुसता गळा दिसे. गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला चौदा इंच रुंद काच हवी होती. माप देताना त्यांनीही एक टोमणा मारला, दहाची गेली. ती चौकटीतून सरळ खाली आली. बाई येऊन बोलल्या, चांगली पंधरा मिनिटं बोलल्या. काचवाल्यांनी त्यांच्या देखत ओठ हलवत वीसपर्यंत मोजलं. दुसरी काच विसाची गेली. ती चौकटीत शिरेचना.

मेहुण्याच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. पण एवढी करमणूक फुकटात कोण सोडेल? रोज सकाळी विचारायचा, “दाजी, काल किती इंचांचा राग आला?”

तिसाव्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली, स्टुलावर बसली.

“किती वेळा?” तिने भावाला विचारलं.

“एकदाही नाही, ताई. शप्पथ.”

तिचा चेहरा सैल होतो न होतो तोच बाई आल्या, काखेत चादरीत गुंडाळलेली वीस इंची काच घेऊन.

“काचवाले, माझं कपाट लाकडाचं आहे हो, ते वाढत नाही. चौथीतली पोरं याहून बरी मापं घेतात. तुम्हाला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं!”

“अजून थोडं रागवा, बाई,” मेहुणा खिदळला. “तीस इंचांची काढून देतील.”

काचवाल्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तोंड उघडलं. बायकोने पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. तोंड मिटलं, आणि ओठ हलू लागले.

“बघा, लागले मोजायला!” बाई हळहळल्या. “गेले माझे चौदा!”

“काय मोजतायत?” बायकोला काही कळेना.

मग मेहुण्याला सगळं सांगावं लागलं. डॉक्टरीणबाई, दहा, वीस. सांगता सांगता त्याचं हसू बारीक होत गेलं. बायको भिंतीकडे बघत राहिली. तिथे दहा नि वीस इंचांच्या काचा टेकून ठेवल्या होत्या. महिनाभर गिळलेले राग, एकामागे एक, पारदर्शक.

“आणि तू कळूनसुद्धा पिना मारत बसलास? लाज वाटते का रे, घोड्या?”

महिन्याभरात दुकानात चढलेला हा पहिला आवाज. तो तिचा होता. तिलाही ते जाणवलं असावं. तिने पदर सारखा केला.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “ओरडायचं असेल तर ओरडा एकदाचे. माझ्यावर नको, बरणीवर नको. रस्त्यावर जाऊन ओरडा. पण काचा नीट कापा. आणि घराची किल्ली इकडे द्या, मी पुढे होते.”

आता परवानगी होती. तिघंही वाट बघत राहिली. मेहुणा तर दोन पावलं मागेसुद्धा सरला. काचवाल्यांनी खिशातून किल्ली काढून बायकोच्या हातावर ठेवली. बाईंच्या काखेतली काच अलगद स्वतःच्या काखेत घेतली, खिळ्यावरचा मापाचा टेप उचलला आणि पायरी उतरून, चकार शब्द न काढता, बाईंच्या घराच्या दिशेने चालू लागले.