मम्मीच्या उलट्या, माझे सात आठवडे

मी या ग्रुपवर बरीच वर्षं फक्त वाचत आलेय. कोणाचा अनुभव वाचला की त्याचं साधं, बोअरिंग कारण शोधायचं, हा माझा टाइमपास. बहुतेक वेळा सापडतं. हे माझं स्वतःचं आहे आणि याचं कारण मला सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या.

माझं माहेर विठ्ठलवाडीचं. आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, दोरा नाही, दृष्ट काढणं नाही. पप्पा विहारातलं छोटं वाचनालय सांभाळतात. कोणी चमत्काराची गोष्ट काढली की त्यांचं एकच वाक्य असतं – "सिद्ध करून दाखव." मी तशीच वाढले. आता मी आणि अक्षय, दोघंच, कोपरला राहतो. माझं ऑफिस नौपाड्यात आहे.

गेल्या वर्षी मी प्रेग्नंट होते. आठव्या आठवड्यात संपलं. त्याआधीच मम्मीने आनंदाच्या भरात सगळ्या बिल्डिंगला आणि सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. नंतर त्यातल्या प्रत्येकाला 'नाही राहिलं' हेही तिलाच सांगावं लागलं. महिनाभर अभिनंदनाचे फोन येत होते. तेव्हा ती मला म्हणाली, "पुढच्या वेळी तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नकोस. मलासुद्धा नाही. मी बोलून बसते."

म्हणून या वेळी नाही सांगितलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला टेस्ट केली. दोन रेघा. अक्षयला उठवलं, आम्ही थोडा वेळ नुसतेच बसलो. साडेआठला मम्मीचा रोजचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अगं, सकाळी सकाळी उलटी झाली बघ. रात्रीचे बोंबील बाधले वाटतं."

मी म्हटलं, लिंबूपाणी घे.

बोंबील बाधले तर एक दिवस बाधतील. तिला रोज होऊ लागलं – सकाळी सात, सव्वासातच्या सुमारास. फोडणीचा वास सहन होईना, पप्पांचा शेव्हिंग क्रीमचा वासही. मला मात्र काहीच नाही. मळमळ नाही, थकवा नाही. मी दोन वेळा भात घेत होते.

सहाव्या आठवड्यात नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. "पिशवी दिसतेय. ठोके अजून दिसत नाहीत. लवकर असेल. दहा दिवसांनी, शनिवारी परत या." मग पेन उचलून विचारलं, "उलट्या, मळमळ?"

"नाही."

"काहींना नसते," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. गेल्या वेळीही मला नव्हती. तेही त्यांनी लिहून घेतलं.

त्या रविवारी विठ्ठलवाडीला गेले. पप्पांनी स्वयंपाक केला होता, वरण खाली लागलेलं. मम्मी खिडकीपाशी बसून मिठाबरोबर चिंच चोखत होती. शेजारच्या शोभाकाकू दारातूनच ओरडल्या, "काय गं सुमन, गोड बातमी आहे की काय? पेढे कधी?"

"गप गं बये, पोरगी बसलीय समोर."

पप्पा म्हणाले, "मी परत बालवाडीच्या लायनीत उभा राहणार नाही हां, आधीच सांगतो."

सगळे हसले. मी पापडाचा मोठा तुकडा तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागत नाही.

काकू गेल्यावर मम्मी म्हणाली, "खरं सांगू? तुझ्या वेळेला अस्संच व्हायचं मला. हीच वेळ, हीच चिंच." निघताना पप्पा जिन्यापर्यंत सोडायला आले. हळू आवाजात म्हणाले, "शुक्रवारी दुर्बिणीने पोट तपासणार आहेत. माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं, तुला माहितीये." आत्या पोटाच्या कॅन्सरने गेली. मी तेव्हा कॉलेजला होते.

घरी येऊन अक्षयला तारखा दाखवल्या – माझी टेस्ट, तिची पहिली उलटी. तो म्हणाला, "को-इन्सिडन्स आहे यार. पण लिहून ठेव." मी फोनमध्ये लिहीत गेले. आपल्याला व्हायला हवं ते मम्मीला होतंय, असा विचार मी करत नाही, असंही स्वतःला सांगत गेले.

मग गुरुवार. साडेआठला फोन. मम्मीचा आवाज एकदम मोकळा.

"आज काहीच नाही गं! चहा प्यायले, पोहे खाल्ले. फोडणी मीच दिली."

पप्पा मागून म्हणत होते, "तरी उद्याची तपासणी करायचीच."

"छान," मी म्हणाले. फोन ठेवला. मळमळ अचानक थांबली तर आत बाळाचं काय झालेलं असू शकतं, हे मी गेल्या वर्षी खूप वाचलं होतं. थांबली होती मम्मीची, माझी नाही. हे मला कळत होतं. तरी शनिवारपर्यंत थांबणं जमलं नाही. ऑफिसला हाफ डे टाकला आणि अपॉइंटमेंट नसताना क्लिनिकमध्ये जाऊन बसले.

"काय झालं? दुखतंय? ब्लीडिंग?"

"नाही. आजच बघा, प्लीज." कारण सांगितलं नाही. काय सांगणार होते?

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. राखाडी डागात काहीतरी लुकलुकत होतं, भराभर. "हे बघा ठोके. अगदी व्यवस्थित."

बाहेर आले. कोपऱ्यावर वडे तळत होते. तेलाचा वास नाकात गेला आणि मी तिथेच गटाराशी वाकले. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी पाण्याची बाटली दिली. चूळ भरली आणि तिथूनच मम्मीला फोन लावला.

सगळं सांगितलं. तिने आधी किती आठवडे झाले ते विचारलं. मग म्हणाली, "मलासुद्धा सांगू नकोस म्हटलं होतं ना!" आणि रडायला लागली. रडता रडता विचारलं, "उलट्या होतात का?"

"आत्ता पहिली झाली."

"बरं. अर्धं मी केलं, उरलेलं आता तू कर."

शुक्रवारी तपासणी झाली. पोटात काही निघालं नाही. त्यानंतर तिला एकदाही उलटी झालेली नाही. पप्पांना मी तारखा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या. मला वाटलं, नेहमीचं वाक्य येणार. ते म्हणाले, "हिने तुझ्या आवाजावरून ओळखलं असेल." मी म्हटलं, पप्पा, पहिली उलटी मी बोलायच्या आधीची आहे. त्यांनी फोन परत दिला आणि पेपर उघडला.

यापुढे माझ्याकडे सांगायला काही नाही. तीन महिने पूर्ण व्हायला अजून नऊ दिवस आहेत. मम्मीने अजून एकालाही सांगितलेलं नाही – शोभाकाकूंनासुद्धा. इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून हे सांगण्यात धरत नाही.

साडेआठला तिचा फोन येतो. आता आधी मीच विचारते, "तुला कसं वाटतंय?"

"मला काही नाही. तुला?"

"सकाळपासून दोनदा."

"मग चांगलं आहे," ती म्हणते, आणि आम्ही दोघी फोन ठेवतो.