पांढऱ्यावर पांढरं

बंडूजी साटोणे यांना इंग्रजी लिहिता येई, वाचता येत नसे. सिंदी (रेल्वे) गावात याचं कुणालाच नवल नव्हतं. गिऱ्हाइकानं कागदावर मजकूर लिहून द्यावा आणि बंडूजींनी तो भिंतीवर चढवावा, एवढाच व्यवहार. त्यात वाचायचा प्रश्न येतो कुठे? ‘COTTON’मधले दोन्ही ‘ओ’ ते नुसत्या हातानं असे गोल काढत की जिनिंगवाले शेठ मुद्दाम स्कूटर थांबवून पाहत.

त्यांचा भागीदार नागेश मडावी. कारंज्याकडच्या एका खेड्यातून आलेला गोंड गडी. अक्षरं बंडूजींची, चित्रं नागेशची, अशी कामाची वाटणी. नागेशची गोंडी बंडूजींना कधी कळली नाही, पण तो रागावला की बरोबर कळे, कारण मग तो मराठी बोलणं बंद करी. दोघं एकाच वयाचे, एकाच शिडीवर चढणारे. तरी गाव एकाला बंडूजी म्हणे आणि दुसऱ्याला नुसतं नागेश. सवय अशी चिवट की ही गोष्ट सांगतानासुद्धा ती सुटत नाही.

पेंटर लोकांचा एक रिवाज आहे. पाटी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव टाकायचं. मालकाला विचारायचं नसतं आणि मालकानं हरकत घ्यायची नसते. नव्वद सालानंतर सिंदीपासून केळझरपर्यंत भिंतींवर खताची, बियाण्याची, दंतमंजनाची कसलीही जाहिरात असो, कोपऱ्यात ‘बंडू-नागेश, सिंदी (रे.)’ असायचंच. परगावचा एक मास्तर तर हा कसला तरी सरकारी शिक्का असावा असं समजून होता.

दोन हजार एक साली तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या आधी एका जिनिंगची लांबच लांब भिंत त्यांच्याकडे आली. नागेशनं तिच्यावर कापसाची बंडी ओढणारी बैलजोडी काढली. ती पाहून रस्त्यानं चाललेला एक खरा बैल थांबला, असं गावात अजून सांगतात. बंडूजींच्या मते तो मुतायला थांबला होता. पण माणसंही थांबत होती, आणि त्यांना तर ते कारण नव्हतं.

सही करायची वेळ आली तेव्हा नागेश मागून म्हणाला, “बंडू, या टायमाले माहं नाव पहिले टाक.”

“काऊन?”

“लोकं बैल पाहून राह्यले. तुहे अक्षरं कोन पाहून राह्यलं?”

बंडूजींना ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. ते म्हणाले, “नाव अक्षरात लिवतात, बैलात नाई. अक्षरं माहे, तं नाव माहं पहिले.” आणि त्यांनी ‘बंडू-नागेश’ असंच लिहिलं.

नागेशनं ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि मराठीत एकही शब्द न बोलता तो निघून गेला. बंडूजींना वाटलं, चार दिवसांनी येईल. तो आला नाही. पुढे कुणी सांगितलं की तो रायपूरकडे गेला. बंडूजी एकदा रायपूरलाही जाऊन आले. रायपूर एवढं मोठं असेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

मग फ्लेक्स आला. सकाळी फोटो द्या, संध्याकाळी हात जोडलेला अख्खा माणूस घेऊन जा. वाढदिवस, दहावी पास, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघू लागलं. भिंतींना चुना लागला आणि चुन्याखाली बंडू-नागेश गेले. बंडूजी घरी बसले. त्यांची बायको कौशल्याबाई यांनी हे दोन वर्षं पाहिलं आणि मग आपल्या पुतण्याला बोलावून सांगितलं, “प्रफुल, यायले कुठंतरी लाव. घरात बसून मले स्वयंपाक शिकवून राह्यले.”

प्रफुलनं दोन हजार पाच साली वर्धेत, सावंगी रोडवर, एका दुकानाच्या माडीवर ऑफिस थाटलं होतं. काम काय, हे तो पहिल्या दिवशी काकांना सांगू लागला. “काका, लोकं गूगलवर शोधतात. दहा नावं दिसतात. आपल्या गिऱ्हाइकाचं नाव त्या दहात आनाचं, पहिलं आनलं तं उत्तम.”

“म्हंजे चौकातली भिंत पकडाची,” बंडूजी म्हणाले.

“तेच.”

पुढचं मात्र ‘तेच’ नव्हतं. भिंतीवरचा बंडूजींचा नियम असा की एसटीतून जाणारा माणूस तीन शब्द वाचतो. चौथा लिहिला तर रंग वाया. इथे प्रफुल त्यांना एकच गोष्ट चाळीस प्रकारांनी लिहायला लावी. सावंगी लॉज, लॉज इन सावंगी, बेस्ट लॉज सावंगी, सावंगी हॉस्पिटलजवळ लॉज. बाजारातला कांदेवालासुद्धा मध्ये श्वास घेतो. बंडूजींनी विचारलं, “हे वाचन कोन?”

“कोनी नाई. म्हनून तं पांढऱ्यावर पांढरं लिवाचं. मानसाले दिसत नाई, मशीन वाचते.”

बंडूजी त्या दिवशी जेवले नाहीत. बत्तीस वर्षं पांढऱ्यावर काळं, लाल, निळं केलेल्या माणसाला कुणाला दिसू नये म्हणून लिहायचा पगार मिळणार होता. पण पोट कुणाला चुकलंय? इंग्रजी अक्षरं त्यांच्या बोटांत होतीच, ती कीबोर्डवर शोधायला महिना लागला. पुढे ते रोज पानंच्या पानं न दिसणारा मजकूर भरू लागले आणि प्रफुलची गिऱ्हाइकं खरोखर वर सरकली. सावंगीचं लॉज वर आलं, कोचिंग क्लास वर आला, बोअरवेलवाले प्रभाकरराव वर आले. नागपूरच्या एका माणसाकडून ऑस्ट्रेलियातल्या दातांच्या डॉक्टरचं काम मिळालं, तोही वर आला. प्रफुलनं पेढे वाटले.

काम पुरं झालं की बंडूजींचा हात आपोआप उजव्या कोपऱ्याकडे जाई. रिवाज तो रिवाज. पहिल्या पानाखाली सही करायला ते टेकले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इथे कुणीच पाहणार नाही. गाव नाही, शेठ नाही, कौशल्याबाई नाहीत. मग त्यांनी लिहिलं, ‘NAGESH-BANDU, SINDI (RLY)’. पांढऱ्यावर पांढरं.

त्यानंतर एकही पान त्यांनी त्याशिवाय सोडलं नाही. भिंतीवर जे चार लोकांसमोर लिहायची छाती झाली नाही, ते इथे रोज लिहिता येत होतं. नागेशनं हे कधीतरी वाचावं एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. आपण लिहिलेलं कुणाला दिसू नये, अशीही होती. एका माणसाच्या पोटात दोन्ही इच्छा कशा राहतात म्हणाल, तर राहतात.

मग एक दिवस प्रभाकरराव बोअरवेलवाले फोनवरून प्रफुलवर बरसले. “अबे, एका पोरीचा फोन आल्ता! म्हनते, माहा बाप तुमच्या बोअरवेलमंदी काऊन दिसून राह्यला? मी काय कोनाच्या बापाले बोअरात टाकलं का? उद्या पोलिसात गेली तं?”

झालं होतं असं. सावंगीला नर्सिंग शिकणारी रीना मडावी मैत्रिणींबरोबर नेट कॅफेत गेली. पोरी आपापली नावं टाकून पाहत होत्या. रीनानं आपल्या बापाचं नाव टाकलं आणि तो सारखा ज्या गावाची आठवण काढी ते गाव जोडलं, सिंदी. गूगलनं प्रभाकररावांचं बोअरवेल काढून दिलं. खाली दोन ओळींत बोअरवेल, बोअरवेल, बोअरवेल, आणि मध्येच नागेश. पान उघडलं तर नाव कुठेच नाही. नुसतं मशीन, चिखल आणि फोन नंबर. तिनं फोन केला.

प्रफुलनं ते पान उघडून वरून खालपर्यंत माऊस ओढला. न दिसणारं सगळं निळ्या पट्ट्यात उमटलं. शेवटी सही होती. त्यानं लॉज उघडलं, तिथे होती. कोचिंग क्लासमध्ये होती. ऑस्ट्रेलियातल्या दातांखाली सिंदी (रे.) होती.

“काका, हे काय हाय?”

“सही.”

“कायची सही? गिऱ्हाइकाच्या पानावर आपली सही करतात का?”

“पाटीवर करतात,” बंडूजी म्हणाले. त्यांना यात चूक कुठे झाली ते खरोखरच कळलं नव्हतं. तुम्ही पांढऱ्यावर पांढरं लिहून जगाला फसवता ते धंद्यात बसतं, आणि कारागिरानं नाव टाकलं की आभाळ कोसळतं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, “त्या पोरीचा नंबर हाये का?”

नंबर होता. रीना म्हणाली, पप्पा नागपूरजवळ वाडीला ट्रक रंगवतात. बंडूजींच्या डोळ्यांपुढून रायपूर गेलं. वाडी म्हणजे सिंदीहून दीड तास.

“त्यायले म्हना, येजो. दाखवाचं हाये काही.”

“सांगते. पन येतीन का नाई, सांगता येत नाई. तुमचं नाव काढलं का ते मराठी बोलत नाईत.”

रविवार ठरला. आणि त्याच आठवड्यात प्रफुलची गिऱ्हाइकं एकामागून एक गूगलवरून नाहीशी झाली. मशीनला पांढऱ्यावरचं पांढरं ओळखता येऊ लागलं होतं. लॉज पार शेवटच्या पानावर गेलं, डॉक्टर तर सापडेचना. प्रफुलनं केलेली लबाडी प्रफुलच्याच अंगाशी आली, यात गूगलला दोष देण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यानं दिला. मग तो सगळी पानं पुसायला बसला.

“रविवारपरेंत थांब ना बापू,” बंडूजी म्हणाले.

“काका, धंदा बुडून राह्यला!”

“एक ठेव. एकच. त्यानं पाह्यलं का मीच पुसतो.”

प्रफुलनं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यानं प्रभाकररावांचं बोअरवेल ठेवलं. ते इतकं खाली गेलं होतं की आणखी खाली जायला जागा नव्हती.

रविवारी बंडूजी सिंदीहून जुनी पिशवी घेऊन आले. कौशल्याबाईंनी त्यात काय आहे विचारलं नाही. रॉकेलच्या वासानं त्यांना कळलं होतं. नागेश रीनाबरोबर माडी चढून आला. केस पांढरे, नखांत निळा रंग. खुर्चीवर बसला आणि पोरीशी गोंडीत बोलला. बंडूजी समजले: राग तस्साच आहे.

त्यांनी पान उघडलं. खाली नुसतं पांढरं होतं. त्यांनी माऊस ओढला, निळी पट्टी उतरत गेली आणि शेवटी सही आली. रीनानं वाचली, “नागेश-बंडू, सिंदी, रेल्वे.”

नागेशनं खुर्ची पुढे ओढली. मग मराठीत म्हणाला, “माहं नाव पहिले टाकलं.”

“हो.”

“आन् दिसत नाई तिथं टाकलं.”

“हो.”

“इतके वर्सं लागले बंडू तुले, अन् तेबी पांढऱ्यावर पांढरं?”

बंडूजींनी माऊसची टिचकी मारली, पट्टी मिटली, नाव गेलं. “चुकलं माहं, नागेश,” ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. पुतण्यासमोर, त्या पोरीसमोर, काहीही आडोसा न धरता ते रडले. प्रफुल पाणी आणायच्या निमित्तानं खाली गेला. शब्द दिला होता म्हणून बंडूजींनी डोळे पुसून ती शेवटची ओळही आपल्या हातानं काढून टाकली.

“पिशवीत काय हाय?” नागेशनं विचारलं. जुने ब्रश आणि रंगाचे डबे होते.

ऑफिसखालच्या भिंतीवर प्रफुलचा फ्लेक्स होता. उन्हानं विटलेला, वाऱ्यानं कोपरा फाटलेला. दोघांनी तो काढला. बंडूजींनी प्रफुलच्या धंद्याचं नाव लिहिलं, तीनच शब्दांत. नागेशनं शेजारी बैल काढला. बैलाचा सर्च मार्केटिंगशी काय संबंध, असं प्रफुलनं विचारलं; दोघांनाही ते ऐकू गेलं नाही. खाली पानठेल्यावरची माणसं उठून येऊन उभी राहिली.

मग बंडूजी खाली उजव्या कोपऱ्यात टेकले. भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर, लाल रंगात त्यांनी ‘नागेश’ लिहिलं आणि ब्रश मागे धरला.

“पुढचं तू लिव.”

“मले अक्षर येत नाई.”

“लिव.”

नागेशनं जन्मात भिंतीवर अक्षर काढलं नव्हतं. त्यानं जीभ दातांत धरून ‘बंडू’ लिहिलं. ‘ब’चं पोट खाली लोंबलं, ‘डू’ रेघ सोडून वर चढला. केसभर वाकडं गेलं तर बंडूजी अख्खी ओळ पुसून पुन्हा काढणारे. रॉकेलचं फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं. ते त्यांनी तिथेच राहू दिलं.