पाच आजोबांच्या पेट्या

बाकीचे गुन्हे मला नोंदणी क्रमांकाने आठवतात. ही एक पेटी मात्र अजूनही झाकणासकट डोळ्यांसमोर येते.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मी रत्नागिरीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गणपती आठ दिवसांवर आले होते. आमच्याकडे हे दिवस बंदोबस्ताचे, तसेच बंद घरं उघडण्याचे. चाकरमानी येऊन घर झाडतात आणि काय गेलंय ते तेव्हा कळतं. चोरी कधी झाली असं विचारलं की उत्तर एकच, "शिमग्याला होतं."

एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आल्या. वय सत्तरीचं. शहरात राहायच्या, खाडीकाठच्या गावातलं वडिलांचं घर बंद होतं. तिथून पितळी पट्ट्यांची लाकडी प्रवासी पेटी गेली होती. बाकी सगळं जागच्या जागी. ठाणे अंमलदार त्यांना म्हणाला, "बाई, तांब्याचा हंडा सोडून पेटी कोण नेईल? नातेवाइकांना विचारलंत काय?" बाई उठल्या आणि सरळ माझ्या खोलीत आल्या.

"साहेब, माझ्या वडिलांना गावच्या शाळेत आत बसू दिलं नव्हतं. मुंबईला गिरणीत लागल्यावर ते कामगारांच्या वर्गात लिहायला शिकले. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं ते त्या पेटीच्या झाकणावर, पांढऱ्या रंगाने. आमच्या घरात कुणी लिहिलेली ती पहिली अक्षरं. पेटी मोडली तरी चालेल. नाव पुसायला नको."

मला अंमलदाराची लाज वाटली. गुन्हा लगेच नोंदवायला लावला आणि स्वतः घटनास्थळी गेलो. कुलूप फोडलेलं नव्हतं. पावसात महिनोन् महिने बंद असलेलं कुलूप एका झटक्यात उघडलं. त्याला कुणीतरी तेल दिलं होतं. किल्ली शेजाऱ्याकडे असे. हा गृहस्थ वाडीतल्या बारा बंद घरांचा राखणदार. पंचनामा चालू असताना त्याने खुर्च्या आणल्या, चहा आणला, भंगारवाल्यावर संशय व्यक्त केला. "बारा घरांच्या चाव्या माझ्याकडं हायत साहेब. कोणाची सुतळी गेली नाय आजवर." फार मदत करणाऱ्या माणसांची मला नोकरीभर ॲलर्जी होती. पण संशयावर माणूस आत घेता येत नाही, पुरावा लागतो.

तो चौथ्या दिवशी मिळाला. एका रिक्षावाल्याने खबर दिली की शहराबाहेर एक कारागीर जुन्या प्रवासी पेट्या दुरुस्त करून हॉटेलांना विकतो. मी दोन पंच घेऊन त्याच्या शेडवर गेलो. पॉलिशचा वास, भिंतीशी सात-आठ पेट्या, सगळ्या झाकणांवरून नावं घासून काढलेली. बाईंची पेटी त्यात नव्हती.

"नावं का काढतोस?"

"गिऱ्हाइकाला पेटी जुनी लागते साहेब, पण दुसऱ्याचं नाव नको असतं."

मी पेटीचं वर्णन सांगितलं. तो उठला आणि कपाटातून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन आला. नाव पुसायच्या आधी ते कागदावर उतरून घ्यायचं, ही त्याच्या वडिलांची शिस्त. आणि घरच्यांनी होय म्हटल्याशिवाय पुसायचं नाही. म्हणून प्रत्येक कागदामागे पेटी कुणी आणली आणि नाव त्याच्या कोणाचं, हे लिहिलेलं असे.

बाईंच्या वडिलांचं नाव मिळालं. वाकडी, मोठी, जपून काढलेली अक्षरं. मागे राखणदाराचं नाव आणि पुढे 'आजोबा'. मी बाकीचे कागद उलटले. त्याच राखणदाराने वर्षभरात पाच पेट्या आणल्या होत्या. आडनावं पाच, आणि सगळे त्याचे आजोबा. माणसाला आजोबा दोन असतात. याने तीन जास्तीचे मिळवले होते.

"हे तुला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?" मी कारागिराला विचारलं.

त्याने तिसरा कागद बाजूला काढला. "तिसऱ्या पेटीला वाटलेलं साहेब. विचारलं नाय."

या एका वाक्यामुळे पुढे दोषारोपपत्रात त्याचंही नाव गेलं. कागद त्याने आपणहून काढून दिले, हेही मी त्यात लिहिलं. त्यानेही हुज्जत घातली नाही.

राखणदाराला ठाण्यात बोलावलं. मी आवाज चढवला नाही. टेबलावर पाच कागद ओळीने मांडले आणि म्हटलं, "आजोबांची ओळख करून दे." तिसऱ्या कागदापर्यंत तो बोलत होता. चौथ्याला त्याने पाणी मागितलं. पेट्यांकडे कोण लक्ष देतो, भांडी गेली की बोंब होते, असा त्याचा हिशेब होता.

बाईंची पेटी दापोलीजवळच्या एका रिसॉर्टवर सापडली. त्यावर फुलदाणी ठेवली होती. कोर्टाच्या आदेशाने ती बाईंना परत द्यायची ठरली, तेव्हा मीच त्यांना फोन केला, नाव पुसलंय पण कागदावर उतरलेलं आहे हेही सांगितलं. त्या ठाण्यात आल्या. झाकण आरशासारखं चकचकीत होतं आणि कोरं होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. मी माफी मागितली. नाव फिर्यादीच्या आधीच पुसलं गेलं होतं आणि त्यात माझा दोष नव्हता, तरी मागितली.

नाव उतरलेला मूळ कागद पुराव्यात जमा होता. त्याची नक्कल मी रीतसर अर्ज करून काढून ठेवली होती. ती पाहिल्यावर बाईंनी पिशवीतून कार्बन, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा काढला. सगळं ठरवूनच आल्या होत्या.

त्या दिवसापासून मी ठाण्यात एक पद्धत घातली. चोरीची फिर्याद घेताना मालाची किंमत नंतर विचारायची, ती वस्तू तुमची कोण ते आधी. निवृत्त होईपर्यंत ती पाळली. पुष्कळ गुन्ह्यांत पहिला धागा त्याच उत्तरात मिळाला.

त्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात बाई पेटीसमोर बसल्या. कागद वाऱ्याने हलू लागला तेव्हा तोच अंमलदार पुढे झाला आणि त्याने दोन्ही हातांनी कागद दाबून धरला.

"चाळीस वर्षं पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली," बाई म्हणाल्या. "नीट धरा हां. त्यांचा हात वाकडा होता, तसाच आला पाहिजे."