गोरेबाबाची मनकर्णा

सिरसाळ्याच्या अलीकडं माळावर एका इंग्रज साहेबाचा बंगला आहे. निजामाच्या राज्यात तलाव बांधायला साहेब आला होता. बंगल्यामागं लिंबाखाली एक आखूड कबर आहे, ती गोरेबाबाची. हा बाबा मोठा अवलिया, असं सगळं गाव सांगायचं. दर गुरुवारी हीऽ गर्दी, आणि नवस फिटला की कंदुरी, म्हणजे बकऱ्याचं जेवण. खरं काय ते एकट्या मनकर्णा धनगरणीला ठाऊक होतं, आणि ती तोंडाला कुलूप लावून बसली होती.

'बाबा' हे पिराचं नावच नव्हतं. साहेबाकडचे नोकर मालकाच्या पोराला बाबा म्हणायचे, एवढंच. मनकर्णाची आई तुळजाबाई तिथं आया होती. साहेबाचा पाच वर्षांचा पोरगा मनकर्णाबरोबर शेळ्यांमागं हिंडायचा, 'लई भूक लागली' असं ठसक्यात म्हणायचा आणि तुळजाबाईच्या पदराआड लपून गूळशेंगा खायचा. एका उन्हाळ्यात तो तापानं गेला. साहेब-मडम विलायतेला परत निघाले. जाताना मडम तुळजाबाईचा हात धरून एवढंच म्हणाली, "आया, बाबाको देखना." तुळजाबाई गेल्यावर ते देखणं मनकर्णाच्या वाट्याला आलं.

पुढं बहात्तरच्या दुष्काळात माळावर खडी फोडायचं काम निघालं. दुपारी बाया लिंबाखाली टेकायच्या. एकीनं विचारलं, "ही कबर कुणाची गं?"

"बाबाची," मनकर्णा म्हणाली.

झालं! आठवड्यात नारळ आला, महिन्यात हिरवी चादर आली. शेजारच्या विहिरीला चार घागरी पाणी लागलं, मग तर विचारूच नका. मनकर्णा खरं सांगणारच होती, पण थबकली. परक्याच्या लेकरापुढं कोण दिवा लावतंय? पिरापुढं सगळे लावतात. आपल्यामागं पोराला कोण, हा घोर तिला रात्रंदिवस खायचा. म्हणून ती गप्प बसली. फक्त कुणी चिलीम ठेवली की तिचं माथं फिरायचं. "बाबा चिलीम वढत न्हाई! गूळ आणा, गूळ!"

अशी तीसेक वर्षं गेली आणि पुन्हा दुष्काळ पडला. चाऱ्यावाचून जनावरं आटली, गावच्या दूध सोसायटीचे कॅन रिकामे लोळू लागले. बंगला सोसायटीच्याच ताब्यात. दूध आटलं तसं चेअरमन भगवानरावांचं डोकं चालू लागलं. जुनं बघायला हल्ली पाहुणे येतात म्हणे! त्यांनी बंगल्याला रंग दिला, 'साहेबाचा बंगला : मुक्काम व भोजन' अशी पाटी ठोकली आणि कुठून कुठून पत्ता काढून साहेबाच्या लेकीलाच उद्घाटनाला बोलावलं.

ती आली. साठी उलटलेली, भाऊ गेल्यावर जन्मलेली. भगवानरावांची सून सत्यभामा शाळेत इंग्रजी शिकवायची. तिच्या तोंडून पाहुण्या बाईंनी सांगितलं, "माझा भाऊ इथं एकटा पडलाय. मला त्याला आईजवळ न्यायचंय."

गावात वणवा पेटला. बाबाला न्यायला आलेत! माणसं काठ्या घेऊन लिंबाखाली जमली. "भाऊ कुणाचा? आमचा पीर हाय त्यो!" भगवानरावांना घाम फुटला. मनकर्णाचा जीव टांगणीला लागला. गप्प राहावं तर टाळकी फुटतील. बोलावं तर पीर जाईल, आणि पिराबरोबर दिवाही. पण बाईंचा रडवेला चेहरा बघून तिला राहवलं नाही.

"एकटा न्हाई त्यो," ती म्हणाली. "आन् पीर बी न्हाई. पाच वर्साचं लेकरू हाय. माझ्यासंगं खेळायचं." मग तिनं सगळंच सांगितलं, शेळ्या, गूळशेंगा, मडमेचा निरोपसुद्धा. सत्यभामा ते बाईंना इंग्रजीत सांगत गेली. बाई तिथंच मातीत खाली बसल्या.

नवसात सगळ्यांच्या पुढं असायची ती छबुबाई. तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बया! एवढ्याशा जिवाकडं आमी पाऊस मागत होतो?"

ती पुढं झाली, तिनं कबरीवरची चादर सारखी केली आणि बाईंकडं वळली. "नेऊ नका हो. नीट सांभाळू आमी."

सत्यभामानं ते सांगितलं. बाईंनी बराच वेळ मनकर्णाचा हात धरून ठेवला, आणि भावाला न नेताच त्या परत गेल्या.

पुढच्या गुरुवारी मनकर्णा धास्तावूनच माळावर गेली. आता कोण काळं कुत्रं फिरकतंय? बघते तर लिंबाखाली बायांचा कालवा. नारळ नाही, नवस नाही. कुणी झबलं आणलं होतं, कुणी खुळखुळा. आणि आजपासून दिवा कुणी लावायचा, यावरून छबुबाई आणि बायनाबाई एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात होत्या. मनकर्णा दगडावर टेकली आणि ते भांडण पोटभर ऐकत राहिली.