नवी साडी कोणी नेसायची

नव्वदच्या दशकात मी डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन कॉलेज रोडच्या सोसायट्यांचे जिने चढत होते. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडं द्यायचं. "ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत, अजून एक साडी टाका," हे मी झोपेतही बोलायचे. ते कपडे धुऊन, शिवून बुधवारी गंगेकाठच्या बाजारात विकायचे. पुढे पंचवटीत भांड्यांचं दुकान टाकलं, तरी कपड्यांचं गाठोडं सुटलं नाही. लेकीच्या अंगाला मात्र दुसऱ्याचा उतरलेला कपडा कधी लावला नाही. माझं लहानपण तशाच कपड्यांत गेलं होतं. तिचं जाऊ द्यायचं नव्हतं.

आणि विद्यापीठाने तिला पर्यावरण शिकवलं. इतरांच्या पोरी तो सक्तीचा पेपर पास होऊन विसरल्या. माझीच तेवढी मनावर घेऊन बसली. आधी कॅरीबॅग बंद, मग नवे कपडे बंद.

पदवीदानासाठी मी दुकानदाराला रडवून मोरपंखी साडी आणली. बाईसाहेबांनी गाठोड्यातून एक हिरवी सुती साडी काढली. "मी ही नेसणार."

"लोकांची उतरलेली? स्टेजवर?"

"तूच विकतेस ना? नव्यासारखी आहे म्हणून सांगतेस ना?"

"ते गिऱ्हाइकाला! तू काय गिऱ्हाईक आहेस?"

मी पातेली आदळली. शेजारीण डोकावून गेली. त्याने काही होईना, तेव्हा मी भाव करायला लागले. "बरं, स्टेजवर नवी नेस, फोटोला जुनी."

"नाही."

"एवढी नवी नेसलीस, तर वर्षभर तुला एकही नवा कपडा घेणार नाही."

"नाही. त्यापेक्षा नवी तू नेस. तुझ्या अंगावर मी कधी कोरी साडी पाहिलेली नाही."

इतकी वर्षं दारोदार घासाघीस केली, पण असा भाव कोणी लावला नव्हता. पाटी उचलून निघून जावं, तर घर माझंच.

समारंभात मी मोरपंखी साडीत ताठ बसले होते. कापड चुरचुरत होतं. ती कोणाच्या तरी जुन्या साडीत कागद घेऊन हसत खाली आली. दिसत होती चांगली, पण ते मी तिला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणी दुकानात आल्या. "काकू, हिच्यासारखी साडी आहे का? जुनीच हवी."

विद्यापीठावरचा राग तसाच ठेवून मी गाठोडं सोडलं आणि जुन्या साडीला नव्या साडीचा भाव सांगितला.

"आई!" आतून लेक ओरडली.