लाल टिकलीचं चित्र

चित्रं बघायला येणारी माणसं चित्रं सोडून बाकी सगळं बघतात, असं माझं मत आहे आणि ते मी घरबसल्या बनवलेलं नाही. साठ साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा मी बंगळुरात, कँटोन्मेंटकडच्या एका आर्ट गॅलरीत टेबलाशी बसायचे. येणाऱ्याला नमस्कार करायचा, हातात छापील पत्रक द्यायचं आणि विचारलं तरच बोलायचं, एवढं माझं काम. लष्करी साहेबांच्या बायका पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन यायच्या आणि तो चित्राशेजारी धरून बघायच्या. चिकपेटेतले एक रेशमाचे व्यापारी दर खेपेला चौकट ठोकून, लाकूड सागवानी आहे ना, म्हणून विचारत. ऊन चढलं की दोन-तीन पेन्शनर पंख्याखाली येऊन बसत. त्यांना चित्रांशी काही देणंघेणं नव्हतं, पण ते तसा आवही आणत नसत.

आव आणायचं काम आमच्या मालकांचं. विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल कागदाची टिकली चिकटवायची, ही सगळ्याच गॅलऱ्यांची पद्धत. मालकांनी तिला पदरची फोडणी दिली होती. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी, दार उघडायच्या आधीच, ते चार-दोन चित्रांना टिकल्या लावून मोकळे व्हायचे. माल संपत चालला आहे असं दिसलं की बड्या लोकांचे हात खिशाकडे जातात, म्हणायचे. "रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला बसतं का?" प्रदर्शन संपलं की ती चित्रं चित्रकारांना परत. गिऱ्हाइकाचं मन बदललं, एवढं ऐकून ते बिचारे चित्र काखोटीला मारून निघून जायचे.

त्या वर्षी नवख्या चित्रकारांच्या प्रदर्शनात माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, एक चित्र लागलं. यशवंतपूरला मालगाडीची वाट बघत पोत्यांवर बसलेले हमाल. बहीण म्हणून सांगत नाही, चित्र चांगलंच होतं. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, अण्णासाठी एका कारखान्यात, यंत्रांचे नकाशे काढायच्या खात्यात, जागा बघून ठेवली होती. ते त्याला म्हणाले होते, "परक्या माणसानं तुझं एक चित्र विकत घेऊ दे, मी नोकरीचं नाव काढणार नाही. नाही घेतलं, तर ब्रश खाली ठेवायचा." अण्णा कानडीत "सरी" म्हणाला, म्हणजे कबूल.

आणि पहिल्या सकाळी मालकांनी टिकली लावली ती नेमकी अण्णाच्या चित्राला. का, तर ते दारासमोर होतं.

संध्याकाळी अण्णा आला. टिकली बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मल्लेश्वरमच्या बससाठी उभे असताना मी त्याला सांगितलं, "अण्णा, ती खरी नाही रे. मालकच लावतात."

"स्वल्प आनंद होऊ दे की ग मला," तो म्हणाला. "भावाचं चित्र विकलं गेलेलं बघवत नाही का तुला?"

घरी आईनं चिरोट्या तळल्या. मी अप्पांनाही सांगून बघितलं. पण अप्पांची उभी हयात सरकारी कचेरीत गेलेली. कागदावर खूण उमटली की ती खरी, हा त्यांचा धर्म. "एवढी मोठी माणसं खोटी खूण कशाला लावतील?" म्हणाले, आणि दिल्या शब्दाला जागून दुसऱ्याच दिवशी कारखान्याची जागा नको म्हणून कळवून आले. माझं ऐकायला त्या घरात कोणी रिकामं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मद्रासचे एक वयस्क गृहस्थ आले. पडद्याचा तुकडा नाही, चौकट ठोकणं नाही. अण्णाच्या चित्रासमोर ते इतका वेळ उभे राहिले की पेन्शनरसुद्धा बघायला लागले. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "हे मला घ्यायचं होतं. खरंच गेलं का?"

मी उठून उभी राहिले. "नाही, ते अजून..." एवढं म्हणते आहे तोच मालक मधे आले. "सुम्मने इरम्मा!" मला गप्प बसायला सांगून ते पाहुण्यांकडे वळले आणि हसून म्हणाले, "सॉरी सर, ते पहिल्याच दिवशी गेलं. या मुलीला माहीत नाही." हॉलमध्ये चार मोठी माणसं होती. एक टिकली खोटी म्हटली की सगळ्याच खोट्या ठरल्या असत्या. ते गृहस्थ दुसरं काहीही न बघता निघून गेले. त्या क्षणी मला मालकांचा जितका तिरस्कार वाटला तितका पुढे आयुष्यात कोणाचाही वाटला नाही.

प्रदर्शन संपल्यावर अण्णा आपलं चित्र कोणी घेतलं हे विचारायला आला. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गिऱ्हाईक माघारी गेलं. काय करणार? तुझी बहीण सगळ्यांदेखत सांगत होती, चित्र विकलेलं नाही म्हणून. ते त्याच्या कानावर गेलं. मग कोण थांबेल?" चोराच्या उलट्या बोंबा! आणि अण्णानं विचारलं तेव्हा त्या पंख्याखालच्या पेन्शनरांनीही माना डोलावल्या. मी बोललेलं त्यांनी ऐकलं होतंच.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. अण्णाला तोही पुरावा वाटला. चूक नव्हती तर पळाली कशाला, असं तो आईजवळ म्हणाला. अप्पा पुन्हा कारखान्याच्या पायऱ्या चढले, हातापाया पडले, आणि अण्णा नकाशे काढायला लागला. निवृत्त होईपर्यंत काढत राहिला. ब्रश त्यानं पुन्हा हातात धरला नाही.

दर वर्षी भाऊबीजेला तो राजाजीनगरला माझ्याकडे येई, ओवाळून घेई, जेवे आणि जाई. त्या विषयावर चकार शब्द नाही. शेवटच्या वर्षी मात्र पाटावरून उठता उठता म्हणाला, "तू गप्प राहिली असतीस, तर मी चित्रकार झालो असतो."

अख्ख्या बंगळुरात त्याच्यासाठी तोंड उघडणारी मी एकटी होते. आणि त्यानं आयुष्यभर राग धरला तो माझ्यावर.